बाकी नंतर

सकाळी सात वाजता प्रमिला सेलोकरांच्या स्वयंपाकघरातल्या संगणकाच्या पडद्यावर वाटाड्याची चिठ्ठी येई, आणि ती वाचेपर्यंत चहाला हात लावायचा नाही असा बाईंचा नेम होता. नेम कसला, खोडच म्हणायची. भंडाऱ्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी आज नमुने किती आलेत ते आधी बघायचं आणि मग चहा, ही तिथली सवय काही सुटत नव्हती.

"काय हुकूम आला आज साहेबाचा?" दिवाकररावांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं इंजिनं उघडून बसलेल्या या गृहस्थांना बायकोच्या साहेबाची थट्टा केल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

"पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड. निकड ब्याऐंशी."

"ब्याऐंशी! मग तर भलतंच अर्जंट दिसते. पहिले चहा पी, थंडा होऊन राहिला."

वाटाड्या हे जनकोशाचं यंत्र, आणि जनकोश म्हणजे लोकांनी लोकांसाठी फुकट लिहिलेला मराठी ज्ञानकोश. नऊशेच्या आसपास माणसं तो घरबसल्या लिहीत, दुरुस्त करत. त्यात कुणाला पगार नव्हता की कुणाचं नाव होत नव्हतं. पण २०३४ सालापर्यंत घराघरांतली बोलकी यंत्रं मराठीत जी उत्तरं देत, ती बहुतेक याच कोशातून वाचून देत. कोशात चूक राहिली की ती दुपारपर्यंत चार तालुक्यांत ऐकू जाई.

वाटाड्याचं तत्त्व तसं साधं होतं. तो दोन अंदाज बांधी. पहिला निकडीचा. पुढच्या नव्वद दिवसांत एखादा लेख किती जणांना लागेल, आणि तो अपुरा असला तर त्यांचं किती अडेल? हवामान, शाळांची वेळापत्रकं, पेरण्या, साथी आणि लोकांनी बोलक्या यंत्रांना विचारूनही उत्तर न मिळालेले प्रश्न, एवढं सगळं दळून तो शून्य ते शंभरमधला एक आकडा काढी. दुसरा अंदाज माणसाचा. प्रत्येक संपादकानं हात लावलेला लेख आधी कसा होता आणि नंतर कसा झाला, हे कोशाच्या इतिहासात जसंच्या तसं साठलेलं असतं. त्यावरून कुणाचा हात कुठल्या उणिवेवर चालतो हे तो शिकला होता. मग रोज पहाटे नऊशे माणसं आणि दीड लाख लेख यांची तो अशी जोडणी लावी, की सगळ्यांच्या कष्टांतून मिळून जास्तीत जास्त भलं व्हावं. या गणितात एका लेखावर दोन माणसं कधीच येत नसत. पहिल्यानं काम केलं की दुसऱ्यासाठी तिथं थोडंच उरतं, तेव्हा त्याला दुसरीकडे धाडलेलं बरं.

प्रमिलाबाईंनी चहा संपवला आणि फ्लोराइड उघडलं.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी कुणी कुठला लेख हाती घ्यायचा याला काही धरबंधच नसे. एक गृहस्थ आयुष्यभर फक्त भाताच्या वाणांवर लिहीत आले होते. एक बाई कुठल्याही लेखात शिरून फक्त जन्मतारखा तपासत. दोघे जण एका जुन्या लढाईच्या तिथीवरून सहा वर्षं भांडत होते, आणि त्या भांडणातून तो लेख कोशातला सर्वांत उत्तम लेख झाला होता. ज्याला जे खुपेल ते त्यानं दुरुस्त करावं, एवढाच काय तो कायदा.

प्रमिलाबाई आल्या त्याही अशाच. 'पाण्याचा गढूळपणा' या लेखात मोजमापाचं एकक चुकलं होतं. त्यांनी दोन दिवस दातओठ खाल्ले, तिसऱ्या दिवशी 'परीक्षानळी' या नावानं खातं उघडलं आणि ते एकक दुरुस्त केलं. मग आपल्याच घरी जेवायला बसावं तशा तिथेच बसल्या.

तिथेच त्यांना पाणकावळा भेटला.

पाणकावळा म्हणजे दुसरा एक संपादक. खरं नाव, गाव, वय, काही ठाऊक नव्हतं. पूर्व विदर्भातल्या जुन्या तलावांवर तो लिही. मरळ मासा कुठं सापडतो, देवधान हा रानभात कुठल्या काठाला उगवतो, कुठल्या तलावाची पाळ कधी फुटली, हे त्याला घरचं असल्यासारखं माहीत होतं. पाण्याच्या रसायनाचं मात्र त्याला काही कळत नसे, किंवा तो तसं दाखवी. लेखाच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात तो नेमकी पाण्याबद्दलची एक गोष्ट अर्धवट सोडी, तिच्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लावी, आणि बदलाच्या नोंदीत दोनच शब्द लिही: बाकी नंतर.

जुने संपादक याला खुंटी ठेवणं म्हणत. सगळं काम आपणच उरकायचं नाही, येणाऱ्यासाठी एक खुंटी मोकळी ठेवायची. हा कुठल्या नियमात लिहिलेला रिवाज नव्हता, पण नवा माणूस टिकायचा तो अशाच एखाद्या खुंटीमुळे. परीक्षानळी आणि पाणकावळा यांनी तर नऊ वर्षं दुसरं काही केलंच नाही. त्यानं ठेवायची, तिनं भरायची, आणि जाताना माशांबद्दलची एक जागा त्याच्यासाठी कोरी ठेवायची. असे एकशे सहा तलाव झाले. चर्चापानावर बोलणं कामापुरतंच. फार तर तो लिही, "नळीताई, तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत. तब्येत बरी ना?" आणि दिवाकररावांच्या बायपासच्या वेळी, बाईंनी कुठे एक अक्षरही लिहिलेलं नसताना, त्यानं सलग अकरा दिवस एकही खुंटी ठेवली नव्हती. बाईंना ते फार मोठं वाटलं होतं.

दीड वर्षापूर्वी वाटाड्या आला. पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं प्रमिलाबाईंना फ्लोराइड, नायट्रेट, कूपनलिकेचं निर्जंतुकीकरण असे लेख दिले. तलाव मागे पडले, कारण त्यांची निकड तीन, चार, फार तर सहा. बाईंना सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग यवतमाळकडच्या एका आईनं कोशाच्या पानावर लिहिलं, की तुमचा लेख यंत्रानं वाचून दाखवला, आम्ही पाणी तपासून घेतलं आणि मुलींचं त्या हातपंपाचं पाणी बंद केलं. बाईंनी ते दिवाकररावांना दोनदा वाचून दाखवलं. वाटाड्याला नावं ठेवायची त्यांची प्राज्ञा नव्हती, आणि इच्छाही नव्हती.

म्हणूनच पुढं सफाईचा ठराव आला तेव्हा त्यांनी हिरिरीनं बाजू घेतली. ठराव असा, की 'संदर्भ हवा' अशी खूण दिसली की यंत्रानं सगळी जुनी गॅझेटं, अहवाल आणि प्रबंध चाळून ती जागा आपणच भरावी. पाणकावळ्यानं विरोधात एकच ओळ लिहिली: "थोडं अपुरं राहू द्यावं." त्यावर परीक्षानळीनं भलामोठा परिच्छेद लिहिला. अपुरेपणाचं कौतुक आता पुरे, म्हणाली. अर्धवट माहितीवर कुणी वाईट पाणी पितं तेव्हा आपली हौस त्याच्या कामी येत नाही, म्हणाली. तो परिच्छेद वाचून काठावरची मतं इकडे झुकली आणि ठराव पास झाला.

नंतर बाईंनी गंमत म्हणून दोन ठिकाणी खुणा लावून पाहिल्या. चाळीस सेकंदांत जागा भरल्या, त्याही बिनचूक. त्या मनापासून खूश झाल्या.

पाणकावळा मात्र पुन्हा दिसला नाही. रुसला असेल, बाईंना वाटलं. मतांवरून रुसायचं म्हणजे लहान मूलच झालं. आपण का म्हणून आधी बोलायचं? असा एक पावसाळा गेला, मग हिवाळाही गेला. त्यांच्या मनात ते ठसठसत राही आणि त्या फ्लोराइडची आकडेवारी अद्ययावत करत राहत.

एप्रिलच्या एका दुपारी पुण्याहून केतकी उपासनीचा फोन आला. वाटाड्या घडवणाऱ्या पाच जणांतली ही मुलगी. हुशार, घाईची, आणि कुणाकडे काही मागायचं असलं की आधी तब्येतीची चौकशी करणारी.

"ताई, एक कोडं आहे," चौकशी आटोपल्यावर ती म्हणाली. "चांगले लेख तिप्पट झालेत. पण संपादक नऊशेचे साडेपाचशे राहिले. गेलेत ते भांडून नाही, नुसते यायचे थांबलेत."

"उन्हाळा आहे, बाई. थकतात माणसं."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण आकडे वेगळंच सांगतायत. ज्यांनी स्वतः खूण लावली आणि यंत्रानं ती भरली, तेच जास्त गेलेत. आता सांगा, तुम्ही अडलात, मी तुमचं काम करून दिलं, तर तुम्ही थांबाल की जाल?"

प्रमिलाबाईंच्या हातातली चिंचेची शेंग तशीच राहिली.

"केतकी, यंत्रानं भरलेली खूण आमच्या सूचनेत येते का गं? आपण पहाऱ्यावर ठेवलेल्या लेखात कुणी बदल केला की मेल येतो नं, त्यात?"

"नाही. लेख मिनिटभरात पूर्ण झाला तर खूण लावल्याचंही कळवायचं कशाला? उगाच गर्दी होते म्हणून ते गाळलंय."

"थांब जरा. फोन ठेवू नको."

बाईंनी एकशे सहा तलावांची आपली यादी उघडली. पहिल्या तलावाच्या इतिहासात गेल्या जूनमधली एक नोंद होती. पाणकावळ्यानं शेवटून दुसऱ्या वाक्यात पाण्याच्या खारेपणाबद्दल लिहून खूण लावली होती. बाकी नंतर. खाली यंत्राची नोंद: संदर्भ भरला, एकतीस सेकंद. चौथ्या तलावात पुन्हा जून. बाकी नंतर. चव्वेचाळीस सेकंद. नवव्यात जुलै. एकविसाव्यात ऑगस्ट. बाई एकेक पान उघडत गेल्या आणि मोजत गेल्या. मोजण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं, पण इतकं जड कधी झालं नव्हतं.

त्यानं चौदा वेळा बोलावलं होतं. तो रुसला नव्हता. ठरावानंतर दुसऱ्याच आठवड्यात त्यानं पहिली खुंटी ठेवली होती, जणू काही झालंच नाही. पुढचे पाच महिने तो ठेवतच राहिला होता, आणि दर वेळी मिनिटाच्या आत यंत्र येऊन ती जागा नेटकी बुजवून गेलं होतं. चौदावी खुंटी नोव्हेंबरची होती. तिच्या नोंदीत शब्द वेगळे होते: बाकी राहू द्या.

"ताई? आहात ना?"

"मीच केलं गं हे," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "तो बिचारा येऊन येऊन गेला आणि मी आतून कडी लावून बसले होते."

केतकीला खुंटीचा रिवाज समजावून सांगायला अर्धा तास लागला. ती मुलगी मन लावून ऐकत होती, मधे मधे टिपूनही घेत होती. शेवटी तिचा आवाज एकदम उजळला.

"मग सोपं आहे! वाटाड्यालाच खुंट्या ठेवायला शिकवते. कुठल्या माणसासाठी कुठली जागा मोकळी ठेवली की तो परत येईल, हे त्याला तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं काढता येईल. महिन्याभरात सगळे परत."

"नको."

"का पण?"

"अगं, तो येईल, भरेल, आणि त्याला वाटेल कुणीतरी आपल्यासाठी ठेवली होती. ठेवली तर कुणीच नसेल. पाहुण्याला जेवायला बोलावून यजमानांनी घरी नसावं, तसं होईल ते."

"सफाई बंद करायची तर नवा ठराव लागेल," केतकी म्हणाली. "तुम्ही मांडा. पण गेलेली माणसं ठरावानं येत नाहीत, ताई. त्याला नुसता निरोप का नाही टाकत?"

बाईंनी टाकून पाहिला. पाणकावळ्याच्या चर्चापानावर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. 'मला माहीत नव्हतं' हे खरं होतं, तरी लिहिल्यावर पळवाटेसारखं दिसत होतं. नऊ वर्षं ज्या माणसाशी एका रीतीनं बोललो त्याच्याशी आता दुसऱ्या रीतीनं कसं बोलायचं? आणि सोडून गेलेला माणूस चर्चापान कशाला उघडेल? त्यानं पहाऱ्यावर ठेवलेल्या एखाद्या लेखाचा मेल मात्र त्याच्याकडे जाईल, पण तोही यंत्राला न भरता येणारी जागा असली तरच.

म्हणजे कुठल्याच कागदावर नसलेली गोष्ट शोधायला हवी. बाईंनी दोन दिवस एकशे सहा लेख चाळले आणि भोवरटोला तलावाशी येऊन थांबल्या. नऊ वर्षांपूर्वी पाणकावळ्यानं लिहिलेला हा पहिलाच लेख. त्यात तुडुमाचं वर्णन होतं. तुडूम म्हणजे तलावातलं पाणी शेताला सोडायची जुनी दगडी बांधणी. तिला वरपासून खालपर्यंत भोकं असतात, आणि पाणी उतरत जाईल तसा एकेका भोकाचा लाकडी दट्टा काढायचा असतो. भोवरटोल्याच्या तुडुमाचं दगडकाम, उंची, दिशा, सगळं लेखात होतं. भोकं किती ते नव्हतं.

प्रमिलाबाईंनी शेवटून दुसऱ्या जागी एक वाक्य घातलं: 'या तुडुमाला एकूण ___ भोकं आहेत.' पुढं खूण लावली. नोंदीत काय लिहायचं याचा फार विचार करावा लागला नाही.

बाकी नंतर.

चाळीस सेकंद गेले. दोन मिनिटं गेली. यंत्रानं नोंद केली: संदर्भ उपलब्ध नाही, निकड शून्य, जागा सोडून दिली. बाईंना कुठल्या शून्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग वाट पाहणं आलं. रोज सात वाजता वाटाड्याची चिठ्ठी येई. बाई काम करत, मनापासून करत, कारण उन्हाळा वाढत होता आणि लोक पाण्याबद्दल विचारत होते. पण चिठ्ठीआधी त्या भोवरटोला उघडून बघू लागल्या. दिवाकररावांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"आला का तुह्या कावळा?" ते विचारत. चौथ्या दिवसापर्यंत थट्टेनं विचारत होते. आठव्या दिवशी त्यांनीच पडदा पुसून ठेवला, चहावर बशी झाकली आणि काही न विचारता शेजारी बसले.

"मेला तर नसन नं हो?" प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या.

"कायले मरते? तलावातला माणूस आहे. उन्हाळ्यात वेळ लागते त्याले," दिवाकरराव म्हणाले. त्यांनाही तसं काही ठाऊक नव्हतं.

बाराव्या सकाळी मेल आला. भोवरटोला तलाव, एक बदल. प्रमिलाबाईंनी चष्मा दोनदा पुसला.

कोऱ्या जागी शब्द आला होता: 'या तुडुमाला एकूण सात भोकं आहेत.' त्यापुढं एक फोटो. तळाला गेलेलं पाणी, भेगाळलेला गाळ, उघडी पडलेली दगडी बांधणी, आणि तिच्यावर टेकवलेली एक काठी, म्हाताऱ्या माणसाची. फोटोत भोकं सहाच दिसत होती. खाली पाणकावळ्यानं लिहिलं होतं: 'सातवं गाळात आहे, हाताला लागतं, दिसत नाही. कोशाच्या नियमानं प्रत्यक्ष पाहणीला दोन संपादक लागतात. दुसऱ्यानं पाणी चढायच्या आत येऊन मोजावं.' तिथं त्यानं खूण लावली होती.

आणि नोंदीत दोनच शब्द होते. बाकी नंतर.

प्रमिलाबाई एकदम उठल्या. "अहो, भोवरटोल्याला यष्टी जाते का हो?"

"साकोलीवरून जाते. बदलावी लागते." दिवाकरराव पडद्यावरचा फोटो बघत होते. "मीबी येतो. गाळातलं भोक शोधायचं म्हणजे मेकॅनिकचंच काम आहे."

तेवढ्यात सात वाजले आणि वाटाड्याची चिठ्ठी आली. लेख: टँकरच्या पाण्याचं क्लोरीनीकरण. निकड एक्क्याण्णव. इतकी निकड बाईंच्या वाट्याला कधी आली नव्हती. त्या उभ्याउभ्याच थबकल्या. टँकरपुढे कळश्या घेऊन उभी राहिलेली माणसं त्यांनी नोकरीत फार बघितली होती.

त्यांनी वाटाड्याला विचारलं, दुसरं कुणी हे करू शकेल का?

उत्तर आलं: होय. दुसरा संपादक उपलब्ध. अपेक्षित सुधारणा बारा टक्के कमी.

बारा टक्के. प्रमिलाबाईंनी ते बारा टक्के मनातल्या मनात तोलले. ते खोटे नव्हते. त्यात कुणाचं तरी पाणी होतं. त्या खाली बसल्या आणि दीड तास खपून, क्लोरीन किती घालायचं आणि किती वेळ थांबायचं याचा तक्ता त्यांनी स्वतः पुरा केला. बाकीचा लेख तसाच ठेवला. पुढचा माणूस कोण असेल ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी त्याच्यासाठी नोंदीत एक ओळ लिहिली, की टँकरची टाकी धुण्याचा भाग तुमच्यासाठी ठेवला आहे, तो तुम्ही माझ्यापेक्षा बरा लिहाल.

मग त्यांनी चिठ्ठीखालचं 'काम थांबवा' दाबलं. वाटाड्यानं कारण विचारलं. आजारपण, प्रवास, कंटाळा, मतभेद अशी यादी होती. बाईंनी 'इतर' निवडलं आणि लिहिलं: बोलावणं आलंय.

आतून दिवाकररावांचा आवाज आला. ते पिशवीत टॉर्च टाकू की पाना टाकू, असं विचारत होते.

पडद्यावर शेवटचा प्रश्न उभा होता. किती दिवसांसाठी?

'सातवं भोक सापडेपर्यंत,' प्रमिलाबाईंनी लिहिलं, आणि थंड झालेला चहा तसाच ठेवून त्या चपला शोधायला गेल्या.